खरं घरचं, उत्तर उताऱ्यातलं

पत्र:

«सर, मी कागल तालुक्यातली. बी.कॉम. झाले आणि आता बँकेच्या परीक्षा देते आहे. सकाळच्या एसटीने कोल्हापूरला येते, दिवसभर अभ्यासिकेत बसते. गणित, रीझनिंग ठीक आहे. इंग्रजीत उताऱ्यावरच्या प्रश्नांनी घात होतो, आणि तोही ठरावीक उताऱ्यांत. हवामान, इतिहास, एखाद्या शास्त्रज्ञाचं काम असलं की बहुतेक बरोबर येतात. सेबी, परकीय गुंतवणूक, कंपन्यांवरचे नियम असं काही आलं की निम्मे चुकतात. खरं तर हेच विषय मला जास्त माहीत आहेत. आमचा ऊस आहे, बिलासाठी वडील हेलपाटे घालतात. चुलत्यांनी दामदुपटीच्या एका योजनेत पैसे घातले, ते बुडाले. क्लासमध्ये सांगतात, शब्द कमी पडतात, पाचशे शब्दांची यादी पाठ कर. मैत्रीण म्हणते, आधी प्रश्न वाच, मग उतारा. नेमकं काय करू? चुकलेले तीन प्रश्न उताऱ्यांसकट सोबत जोडते. — उसवाल्याची लेक»

उत्तर:

तीन प्रश्न उताऱ्यांसकट पाठवलेस हे फार बरं केलंस. नुसतं «इंग्रजी कच्चं आहे» असं लिहिलं असतंस तर मीही तुला शब्दांची यादीच दिली असती. तुझ्या झेरॉक्सवर पेन्सिलीच्या खुणा तशाच राहिल्यात. पहिल्या उताऱ्याच्या समासात तू लिहिलंयस, «असं कुठं असतं?» दुसऱ्याच्या समासात, «मग चुलत्यांचं काय?» तुझा आजार त्या दोन ओळींतच सापडला. शब्द तुला कळतात. उतारा कळायच्या आतच तू त्याच्याशी भांडायला उठतेस.

एकेक प्रश्न घेऊ.

पहिला उतारा साखर कारखान्यांमधल्या अंतराच्या अटीचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी आशय असा: दोन साखर कारखान्यांत ठरावीक हवाई अंतर असलं पाहिजे, देशभर किमान १५ किलोमीटर आणि महाराष्ट्रात २५. प्रत्येक कारखान्याला गाळपापुरता ऊस मिळावा हा त्यामागचा हेतू. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर घटते, म्हणून तो फार लांब नेता येत नाही. त्यामुळे कारखान्याच्या परिसरातल्या शेतकऱ्याला ऊस घालायला दुसरं दार उरत नाही. ही अट काढून टाकावी असं काही तज्ज्ञ म्हणतात. लेखकाचं म्हणणं, काढावी, पण एकदम नको. आधी कारखाना आणि शेतकरी यांच्यात लांब मुदतीचे करार रुजू द्यावेत, नाहीतर अर्ध्या क्षमतेने चालणारे कारखाने तोट्यात जातील आणि थकबाकी वाढेल.

प्रश्न होता, लेखकाच्या मते या अटीचा मुख्य दोष कोणता. तू पर्याय निवडलास, «कारखाने शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर देत नाहीत». बरोबर पर्याय होता, «शेतकऱ्यापुढचे पर्याय कमी होतात».

तुझा पर्याय खोटा नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लावायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. तरीही तुझ्या वडिलांना हेलपाटे घालावे लागतात. हे सगळं खरं, पण त्या उताऱ्यात नाही. उताऱ्यात थकबाकी हा शब्द आला आहे तो शेवटी, आणि तो अट काढल्याचा संभाव्य परिणाम म्हणून. तुला तो शब्द दिसला, घरचं आठवलं आणि हात तिकडे गेला. प्रश्न तयार करणारी माणसं हे बरोबर ओळखून असतात. उताऱ्यातला एक शब्द उचलायचा, त्याला जगात खरी असलेली पण उताऱ्यात नसलेली गोष्ट जोडायची आणि पर्याय तयार. भूकंपाच्या उताऱ्यात तू या सापळ्यात सापडत नाहीस, कारण भूकंपाबद्दल तुझं स्वतःचं काही मत नाही.

खासबागेत कुस्ती बघताना आपल्या तालमीचा पैलवान असला की पंचाने काय दिलं ते आपल्याला ऐकूच येत नाही, तसं तुझं या विषयात होतं. पेपरपुरती तू तालीम सोड.

कसं सोडायचं तेही सांगतो. पर्याय निवडलास की उताऱ्यातली जी ओळ तो सिद्ध करते तिच्यावर बोट ठेव. खरोखर बोट ठेव, मनात नको. परीक्षेत पडद्यावर उतारा असतो, तिथे माउसचा बाण ठेव. बोट ठेवायला ओळच सापडत नसेल तर तो पर्याय कितीही खरा असला तरी तुझ्या घरून आलेला आहे.

आता दुसरा प्रश्न. हा मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण इथे वाणिज्य शाखेची मुलंसुद्धा हमखास घसरतात. उतारा खासगीरीत्या भांडवल उभारण्यावर होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार कंपनीला निवडक लोकांना रोखे देऊन पैसे उभारता येतात, पण एका आर्थिक वर्षात अशी माणसं २०० पेक्षा जास्त नकोत. मोठ्या पात्र गुंतवणूकदार संस्था आणि योजनेखाली शेअर मिळणारे कर्मचारी या मोजणीत धरत नाहीत. जुन्या कायद्यात हा आकडा ५० होता. त्याच जुन्या कायद्याखाली सहारा समूहाच्या दोन कंपन्यांचा खटला गाजला. त्यांनी कोट्यवधी लोकांकडून रोख्यांतून पैसे घेतले आणि हा खासगी व्यवहार आहे असा पवित्रा घेतला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पैसे १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितले.

प्रश्न, यावरून काय अनुमान निघतं. तू निवडलंस, «२०० पेक्षा जास्त लोकांकडून पैसे उभारायला कंपन्यांना बंदी आहे». जरा थांबून विचार कर. तसं असतं तर शेअर बाजारात आयपीओ, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या जाहीर शेअरविक्र्या, आल्याच नसत्या. हजारो लोकांकडून पैसे घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. आकडा ओलांडला की तो व्यवहार खासगी राहत नाही, जाहीर विक्री ठरतो, आणि मग माहितीपत्रक काढा, जोखमी सांगा, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांत या, ही सगळी जबाबदारी गळ्यात पडते. बरोबर पर्याय तोच होता, «ठरावीक संख्येनंतर माहिती उघड करण्याचं बंधन वाढतं».

इथे तुझी चूक वेगळ्या जातीची आहे. नियम म्हटलं की तुला बंदी दिसते. आपल्याकडे बहुतेकांना तशीच दिसते, कारण सरकारी पाटीवर «सक्त मनाई» हेच वाचत आपण मोठे झालो. पण व्यवसायावरचे नियम सरसकट बंदीचे नसतात. काही खरोखर बंदीचे असतात. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर सरळ बंदी घातली. काही परवान्याचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय बँक काढता येत नाही, म्हणजे धंदा चालेल पण आधी विचारून. काही मर्यादेचे असतात. अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांत परकीय गुंतवणूक ५१ टक्क्यांपर्यंत आणि तीही सरकारी मंजुरीने. आणि काही नुसते सांगण्याचे असतात: तू हवं ते वीक, हवी ती किंमत लाव, पण घेणाऱ्याला सगळं खरं सांग. गुंतवणुकीच्या उताऱ्यांत हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त येतो आणि मुलांना सगळ्यात कमी कळतो.

त्यामागचा इतिहास थोडक्यात माहीत असावा. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली दिल्लीत एक नियंत्रक बसायचे. कंपनीने शेअर काढायचे का आणि कोणत्या भावाने, हे त्यांच्या मंजुरीवर होतं. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली, पण तिला कायद्याचे दात आले १९९२ मध्ये. त्याच वर्षी तो जुना कायदा रद्द झाला. तेव्हापासून भाव कंपनी ठरवते आणि ती जे सांगते ते पुरेसं आहे का, यावर सेबीची नजर असते. प्रत्येक आयपीओच्या माहितीपत्रकात तर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे कागद सेबीकडे दाखल केले म्हणजे सेबीने या कंपनीची शिफारस केली असं समजू नये. म्हणून «सेबीने मंजूर केलेला आयपीओ सुरक्षित असतो» असा पर्याय दिसला की तो डोळे झाकून खोडायला हरकत नाही. हा आणि बंदीवाला पर्याय, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. एक नियमाला वाजवीपेक्षा कडक समजतो, दुसरा वाजवीपेक्षा मायाळू.

असाच आणखी एक सापळा सांगून ठेवतो. एप्रिल २०२० मध्ये सरकारने ठरवलं की भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारी मंजुरी लागेल. यावर उतारा आला की पर्यायांत «चीनच्या गुंतवणुकीवर बंदी» हटकून असतो. तो चुकीचा आहे. आधी न विचारता गुंतवण्याचा स्वयंचलित मार्ग बंद झाला, मंजुरीचा मार्ग उघडाच होता. नियम कोणत्या जातीचा एवढं एकदा उताऱ्याच्या कडेला लिहून ठेवलंस, बंदी, परवाना, मर्यादा की खुलासा, तर असे प्रश्न तुझे चुकणार नाहीत.

आणि चुलत्यांचं. पेपरात नको म्हणालो, पण इथे बोलायला हवं. त्यांनी अजून तक्रार दिली नसेल तर पावत्या, बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदी, एजंटाने दिलेली पत्रकं, सगळं गोळा करून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जायला सांग. महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या हितरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली अशा आस्थापनांची मालमत्ता जप्त करता येते आणि विशेष न्यायालयात खटला चालतो. पैसे लगेच मिळतील असं मी सांगणार नाही. पण ठेवीदारांच्या यादीत नावच नसेल तर वाटपाच्या वेळी हात हलवत परत यावं लागतं.

तिसऱ्या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. तो अमेरिकेतल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याचा. एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, खोट्या हिशेबांचा डोंगर बाहेर आला, आणि जुलै २००२ मध्ये हा कायदा झाला. कंपनीच्या प्रमुखाने आणि वित्त प्रमुखाने हिशेब खरे असल्याची स्वतः सही करायची, अंतर्गत नियंत्रणं तपासून घ्यायची, वगैरे. लेखक आधी दोन परिच्छेद भरून सांगतो की छोट्या कंपन्यांना याचा खर्च झेपत नाही. मग शेवटच्या परिच्छेदात म्हणतो, तरीही गुंतवणूकदारांचा विश्वास परत आणायला याची गरज होती. लेखकाचा सूर विचारला, तू «टीकेचा» लिहिलंस. उत्तर «सावध समर्थनाचा».

तू ओळी मोजल्यास. दोन परिच्छेद विरोधात, एक बाजूने, म्हणजे विरोध. पण इंग्रजी लेखक, विशेषतः या विषयावर लिहिणारा, समोरच्याचं म्हणणं आधी भरपूर मान्य करतो आणि मग वळतो. ते वळण «हाउएव्हर», «नेव्हरदलेस», «येट» अशा शब्दांवर असतं. वळणानंतर जे येतं ते त्याचं स्वतःचं, आधीचं बहुधा दुसऱ्यांचं. «क्रिटिक्स आर्ग्यू» अशी सुरुवात दिसली की समजायचं, हा अजून स्वतः बोलायला लागलेला नाही. सुराच्या प्रश्नात टोकाचे पर्याय, संतप्त, उपहासाचा, भारावलेला, हे नियमनाच्या उताऱ्यात जवळजवळ कधीच बरोबर नसतात. ही माणसं रागावली तरी टाय लावून रागावतात.

आता तुझ्या मैत्रिणीचा सल्ला. आधी प्रश्न वाचायला माझी ना नाही, पण नुसते प्रश्न, पर्याय अजिबात नकोत. पर्याय आधी वाचलेस की पाचातली चार चुकीची वाक्यं डोक्यात घेऊन तू उताऱ्यात शिरतेस, आणि तुझ्यासारख्या मताच्या मुलीला त्यातलं एखादं लगेच पटतं. मग उतारा वाचणं होत नाही, पुरावा शोधणं होतं. शब्दाचा प्रश्न आहे, सुराचा आहे, की अनुमानाचा आहे, एवढंच डोळ्याखालून घाल आणि उताऱ्याकडे वळ.

पाचशे शब्दांची यादी मात्र फेक. या विषयात परत परत येणारे शब्द मूठभर आहेत: कम्प्लायन्स, डिस्क्लोजर, एक्झेम्प्शन, पेनल्टी, स्टेकहोल्डर, लायबिलिटी, थ्रेशोल्ड, ओव्हरसाइट. बी.कॉम. झालेल्या मुलीला यातले बहुतेक माहीत असतात. उरलेले उताऱ्यांतूनच जमव, ज्या वाक्यात सापडला त्या वाक्यासकट. तुझे प्रश्न शब्दांनी चुकत नाहीत, तर यादी कशाला? क्लासवाल्यांना यादी द्यायला सोपी जाते, एवढंच. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फिरलं तर झेरॉक्सच्या दुकानात त्या याद्यांचे गठ्ठे दिसतात.

त्यापेक्षा हे कर. केंद्र सरकार दरवर्षी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, जाहीर करतं, त्याचं पत्रक पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मिळतं. २०२५-२६ च्या हंगामाचं काढ. जेमतेम पानभर आहे, आणि त्याच्याइतका चांगला नियमनाचा उतारा मी पाहिलेला नाही. त्यात आहे: १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ, त्याखाली तेवढीच घट. पण साखर उतारा ९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर घट लावायची नाही, तिथे ३२९.०५ रुपये.

आता यावर स्वतः प्रश्न काढ. एखाद्या कारखान्याचा साखर उतारा ९.२ टक्के असेल तर शेतकऱ्याला किती? घाईत वाचणारा १०.२५ मधून ९.२ वजा करून घट काढत बसेल आणि ३१८ रुपयांच्या आसपास येऊन थांबेल. शांतपणे वाचणारा ३२९.०५ सांगेल. फरक फक्त «पण» पासून सुरू होणाऱ्या एका वाक्याचा. कायद्याच्या आणि नियमाच्या भाषेत खरा जीव त्या «पण»मध्ये असतो, इंग्रजीत तो «प्रोव्हायडेड दॅट» किंवा «अनलेस» म्हणून येतो. मग दुसरा प्रश्न काढ: या पत्रकावरून कारखाने एफआरपीपेक्षा जास्त दर देऊ शकत नाहीत असं अनुमान निघतं का? निघत नाही. ही किमान किंमत आहे. जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही, आणि आपल्या जिल्ह्यात ऊस परिषदांपासून रस्त्यापर्यंत दरवर्षी जे वाजतं ते त्या वरच्या रकमेसाठीच. मात्र हे शेवटचं वाक्य मी पत्रकातून नाही, कोल्हापुरात राहून सांगितलं. ते पर्यायात आलं तर खोडायचं.

हे पत्रक वडिलांसमोर बसून वाच. ते तुझ्याशी वाद घालतील, घालू दे. ते बोलतील त्यातलं काय कागदावर आहे आणि काय त्यांच्या अनुभवातलं आहे, हे मनात वेगळं करत जा. उताऱ्याच्या प्रश्नांचा यापेक्षा चांगला सराव क्लासमध्ये होणार नाही आणि फीही लागणार नाही. साखरेचं झालं की एखाद्या आयपीओच्या माहितीपत्रकातला जोखमींचा भाग घे, दोन-दोन पानं. ते वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण परीक्षेतला उतारा त्याच्यापुढे खेळ वाटायला लागतो.

वेळेचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. बँक अधिकारी भरतीच्या आयबीपीएस पीओच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं असतात. म्हणजे नियमनाचा जड उतारा दिसला की त्याला आधी हात घालायचा नाही. व्याकरणाचे, गाळलेल्या जागांचे प्रश्न उरकून घे आणि मग उरलेल्या वेळात त्याच्याकडे ये. उताऱ्यातही शब्दार्थाचा आणि «उताऱ्यानुसार कोणतं विधान खरं» असा प्रश्न आधी, सूर आणि अनुमान नंतर.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून सोडून द्यावं की ठोकावं, हा गोंधळ तुझ्या पेपरवर दिसतो. दोन ठिकाणी खूण करून खोडली आहेस. हिशेब सोपा आहे. पाच पर्यायांत काहीच कळत नसताना ठोकलं तर सरासरीने हाती शून्य येतं: पाचात एकदा एक गुण मिळतो आणि चारदा पाव-पाव जातो. तिथे वेळ घालवू नकोस, पुढे जा. पण बोट ठेवून पाहिल्यावर दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या तिनातला एक निवडणं फायद्याचं आहे, ठोक. आणि तिनातला कोणता याचा पेच पडला, त्यात एक तुला घरच्यासारखा जवळचा वाटला, तर तो सोडून उरलेल्या दोनांत बघ.